भरती व्हा, मगच औषध मिळेल

इंदुरातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात आयुष्मान कार्ड पुढे केलं की खिडकीमागचा मुलगा पहिला प्रश्न विचारतो, "पेशंट भरती है क्या?" त्याचा दोष नाही. वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांचं संरक्षण देणारी ही योजना आखलीच आहे भरती होणाऱ्यांसाठी. ओपीडीतली औषधं तिच्यात बसत नाहीत, आणि घरी न्यायची औषधं मिळतात तीही डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतचीच. अपेंडिक्स, मोडलेलं हाड, हृदयाची झडप यांना हा हिशेब चालतो. पण काही आजारांत माणूस धडधाकट दिसत असतानाच औषध घ्यायचं असतं, जन्मभर घ्यायचं असतं, आणि ते नीट घेतलं तर दवाखान्याचं तोंड क्वचितच बघावं लागतं. अशा माणसाला आपली व्यवस्था सांगते, आधी पलंगावर झोपून दाखव.

मी बोलते आहे जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दोषांबद्दल. डॉक्टर त्यांना प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सी म्हणतात. नाव ऐकून लोक दचकतात आणि मुलापासून चार हात लांब बसतात, म्हणून आधीच सांगते: एड्सशी याचा काही संबंध नाही, हे कुणाकडून लागत नाही, जनुकातून येतं. आज ४०० हून अधिक जनुकांतले असे दोष माहीत आहेत. बऱ्याच प्रकारांत शरीराला अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी रक्तातली प्रथिनं, बनवता येत नाहीत, आणि त्यावर उपाय म्हणजे दुसऱ्यांच्या अँटिबॉडी उसन्या घेणं. रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून, म्हणजे रक्तातल्या पेशी सोडून उरणाऱ्या पाण्यातून, वेगळं काढलेलं हे औषध म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन. ते तीन-चार आठवड्यांनी एकदा शिरेतून देता येतं, दवाखान्यात. किंवा आठवड्यातून एकदा त्वचेखाली देता येतं, घरी. माझं म्हणणं असं की मध्य प्रदेश सरकारने हा दुसरा रस्ता उघडावा, औषधाचा पैसा पलंगापासून सोडवावा, आणि सुरुवात इंदूरपासून करावी.

आमच्याकडे कुणाला हे सांगितलं की वाटतं, परदेशातलं नवीन काही फॅड असणार. खरं तर या आजाराच्या उपचाराची सुरुवातच त्वचेखालून झाली. १९५२ साली अमेरिकन सैन्याच्या वॉल्टर रीड रुग्णालयात ऑग्डेन ब्रूटन नावाच्या बालरोगतज्ज्ञाकडे ८ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जंतूचा संसर्ग पुन्हा पुन्हा व्हायचा. ब्रूटन यांनी रक्त तपासलं तर त्यात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे अँटिबॉडी असतात तो प्रथिनांचा भाग, जवळजवळ नव्हतंच. त्यांनी ते बाहेरून द्यायला सुरुवात केली, तेही त्वचेखाली, आणि मुलाचं वरचेवर आजारी पडणं थांबलं. पुढे बरीच वर्षं हे औषध स्नायूत टोचलं जायचं. ती इंजेक्शनं इतकी दुखायची की मुलं खोलीत यायला तयार नसत, आणि पुरेसा डोसही त्यातून जात नसे. १९८० च्या दशकात शिरेतून देता येईल असं द्रव्य आलं, भरपूर डोस एका बैठकीत देता येऊ लागला, आणि उपचार दवाखान्यात जाऊन बसला. पण १९९१ मध्येच स्वीडनच्या ॲन गार्डुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं की रुग्ण हे औषध स्वतः, घरी, त्वचेखाली आणि बऱ्यापैकी वेगाने घेऊ शकतात. अमेरिकेत २००६ मध्ये खास त्वचेखाली देण्याच्या पहिल्या औषधाला परवानगी मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत नॉर्मल इम्युनोग्लोब्युलिन आहे आणि तिथे शिरेबरोबर त्वचेखालचा मार्गही नोंदलेला आहे. तेव्हा नवेपणाचं कारण पुढे करायला जागा नाही.

मी आयुष्यभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं, म्हणून पुढचं थोडं सविस्तर सांगते. ब्रूटन यांच्या नावाने ओळखला जाणारा आजार जवळजवळ फक्त मुलग्यांना होतो, कारण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. १९९३ मध्ये ते सापडलं. असं बाळ जन्मतः गुटगुटीत असतं. नाळेतून आलेल्या आईच्या अँटिबॉडी पहिले काही महिने त्याला सांभाळतात. सहा महिन्यांच्या सुमाराला त्या संपत येतात आणि मग कान फुटणं, न्यूमोनिया, जुलाब, पुन्हा न्यूमोनिया असं चक्र सुरू होतं. घशात बॅटरी मारून पाहिलं तर टॉन्सिल्स दिसतच नाहीत किंवा अगदी नावाला असतात. वारंवार घसा धरणाऱ्या मुलाचे टॉन्सिल्स सुजलेले असायला हवेत, आणि इथे ते मुळातच नाहीत, ही खूण कुठलंही यंत्र नसलेल्या डॉक्टरलाही दिसू शकते. दुसरी खूण आमच्या लॅबच्या रिपोर्टावर असते. लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये टोटल प्रोटीन, अल्ब्युमिन आणि त्यांच्या वजाबाकीतून येणारं ग्लोब्युलिन अशा तीन ओळी असतात. बिलिरुबिन आणि एसजीपीटी सगळे बघतात. ग्लोब्युलिनची ओळ कोणी वाचत नाही. वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या मुलाचं ग्लोब्युलिन वाढलेलं असावं. ते दीड-दोन ग्रॅमवर येऊन थांबलेलं दिसलं तर आयजीजी, आयजीए, आयजीएम या तीन जातींच्या अँटिबॉडी तपासायला पाठवायलाच हवं. त्याऐवजी काय होतं? क्षयाची औषधं सुरू होतात. सहा महिन्यांचा कोर्स संपतो, खोकला राहतोच, मग पुन्हा कोर्स. तोवर फुप्फुसातल्या नळ्या कायमच्या पसरून बसतात, आणि ते नुकसान कुठल्याही बाटलीने भरून येत नाही.

अजून एक प्रश्न विचारायचा असतो, आणि तो आईला बाजूला घेऊन विचारावा: तुमचा एखादा भाऊ लहानपणीच गेला का? मामा लहानपणी तापाने गेला, ही गोष्ट या घरांत पुष्कळदा निघते. ती निघाली की निदान सोपं होतं, पण त्या बाईचे हाल सुरू होतात. "तुझ्या माहेरचं आमच्या घरात आणलंस." हे वाक्य मी मराठी, हिंदी आणि निमाडी तिन्हीत ऐकलेलं आहे. जनुक तिला तिच्या आईकडून आलं किंवा तिच्यातच पहिल्यांदा बदललं, यात तिने काय केलं, हे समजावून सांगणारा माणूस दवाखान्यात नसतो. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

निमाडातला असा एक मुलगा मला माहीत आहे. खरगोनच्या पलीकडचं गाव, वजन २० किलोच्या आसपास. शिरेतून द्यायचा नेहमीचा डोस किलोमागे ४०० ते ६०० मिलीग्रॅम, म्हणजे याला दर चार आठवड्यांनी निदान ८ ग्रॅम. बाप पहाटेची पहिली बस धरतो. इंदूरला पोचेपर्यंत ओपीडीची रांग लागलेली असते. आधी पर्चा, मग पलंग मोकळा आहे का बघणं, मग कागदपत्रं, मग मंजुरी. मंजुरी त्या दिवशी आली तर ठीक, नाही आली तर रात्र वऱ्हांड्यात. बाटली लागते तेव्हा दुपार झालेली असते. वर्षानुवर्षं सुया टोचून हाताच्या शिरा रुसलेल्या असतात. सिस्टर एका हातावर, मग दुसऱ्यावर, मग पायावर शोधतात. ड्रिप हळूच सोडावी लागते, घाई केली तर थंडी वाजून ताप भरतो, डोकं ठणकतं. तीन-चार तास त्यात जातात. आणि शेजारच्या पलंगावर कोण असतं? न्यूमोनियाचं मूल, गोवराचं मूल. ज्याला जंतूंपासून वाचवायचं त्यालाच महिन्यातून एकदा जंतूंच्या घरी पाहुणा म्हणून न्यायचं.

बापाची दोन दिवसांची मजुरी जाते, मुलाची शाळा बुडते, हे तर आहेच. याहून वाईट गोष्ट औषधाच्या गणितातच दडलेली आहे. औषधातल्या आयजीजीचं अर्धायुष्य, म्हणजे ते अंगात निम्म्यावर यायला लागणारा वेळ, साधारण तीन आठवड्यांचं. बाटली लागली की पातळी एकदम चढते आणि मग उतरत जाते. चौथ्या आठवड्यात हा मुलगा मरगळतो, नाक वाहायला लागतं. त्यातच पलंग मिळाला नाही, पावसात रस्ता बंद झाला, योजनेचं पोर्टल बसलं, की तो आठवडा पाचवा होतो, सहावा होतो. आणि न्यूमोनिया झाला की मात्र तो भरती होतो, मग सगळे दरवाजे उघडतात. न्यूमोनियाचे पैसे योजना विनातक्रार देते.

दुसरीकडे, माझ्या नणंदेची मुलगी विलायतेत असते. तिच्या मुलाला हाच आजार आहे. दिवाळीला ती मंडळी इंदुरात आमच्या घरी उतरली होती. रविवारी सकाळी तिने फ्रिजमधून दोन लहान कुप्या काढून टेबलावर ठेवल्या, गार औषध टोचलं तर झोंबतं म्हणून. "मामी, अर्धा तास कोणी हात लावू नका," म्हणाली आणि पोह्यांना फोडणी घालायला गेली. मग हात धुतले, कुप्यांतलं १५ मिलीलीटर औषध एका मोठ्या सिरिंजमध्ये ओढलं, ती सिरिंज चष्म्याच्या लांबट डबीएवढ्या स्प्रिंगच्या पंपात बसवली. वीज नाही, बॅटरी नाही. बेंबीच्या दोन्ही बाजूंना बोटभर अंतर सोडून दोन बारीक सुया, त्यांवर चिकटपट्टी. सुई शिरेत तर गेली नाही ना, हे बघायला नळी जराशी मागे ओढून पाहिली. रक्त आलं नाही. पोराने दोन सेकंद तोंड वाकडं केलं आणि मग दिवाणावर बसून पोह्यांवर शेव-जिरावन टाकून खात क्रिकेट बघत राहिला. पाऊण तासात सिरिंज रिकामी. पोटावर दोन गोळे आले होते, लिंबाएवढे, जरा लालसर. दुसऱ्या दिवशी काही उरलं नव्हतं. तिने कुपीवरचं बॅच नंबरचं स्टिकर सोलून वहीत चिकटवलं, तारीख लिहिली, झालं. रविवारी आमच्याकडे पाहुणे येऊन गेले, त्यांना कळलंही नाही.

त्वचेखालच्या औषधाचं साधारण २० टक्क्यांचं द्रव्य असतं, म्हणजे ५ मिलीलीटरमध्ये १ ग्रॅम. आमच्या निमाडी मुलाचे महिन्याचे ८ ग्रॅम चार आठवड्यांत वाटले तर दर खेपेला २ ग्रॅम, १० मिलीलीटर. खोकल्याच्या औषधाचं झाकण भरेल एवढं. हे औषध त्वचेखालून हळूहळू रक्तात उतरतं, त्यामुळे पातळी वर-खाली उसळत नाही आणि चौथ्या आठवड्याची ती मरगळ राहत नाही. अंगभर थंडी-ताप येण्याचे प्रकारही शिरेतल्यापेक्षा कमी. अमेरिकेत शिरेतून त्वचेखाली वळवताना डोस काहीसा वाढवून धरतात, युरोपात बहुधा ग्रॅमला ग्रॅम. म्हणजे औषधाचा खर्च या मार्गाने घटेल असं मी म्हणत नाही. पलंग, सिस्टर, बस, मजुरी आणि न्यूमोनिया यांचा खर्च घटेल, आणि त्यातला बराचसा आज सरकारच्या कुठल्याच वहीत लिहिला जात नाही, कारण तो बाप भरतो.

आता सरकारी कागद बघू. २०२१ चं राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण आजारांचे तीन गट करतं. बोन मॅरो बदलून बरे होऊ शकणारे तीव्र प्रतिकारदोष पहिल्या गटात आहेत. जन्मभर पण तुलनेने कमी खर्चाचा उपचार लागणारे आजार दुसऱ्या गटात, आणि तिथे प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सीचं नाव घेऊन शिरेतल्या इम्युनोग्लोब्युलिनबरोबर त्वचेखालच्या उपचाराचाही उल्लेख केला आहे. म्हणजे दिल्लीने हा उपचार मान्य केलेला आहे. पण दुसऱ्या गटाबद्दल धोरण काय म्हणतं, तर राज्य सरकारं मदतीचा विचार करू शकतात. करू शकतात! सरकारी भाषेत याहून सुटसुटीत पळवाट नाही. २०२२ मध्ये केंद्राने कुठल्याही गटातल्या रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत देऊ केली, पण ती ठरवून दिलेल्या केंद्रांतल्या उपचारासाठी. आमच्या माणसांना त्यातलं ओळखीचं म्हणजे मुंबईचं केईएम. रात्रीची अवंतिका एक्सप्रेस पकडा, सकाळी उतरा, परळला जा. निदानासाठी एकदा जायला कोणाची ना नाही. त्याच आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे आणि या आजारांच्या तपासण्यांत तिचा हात धरणारे देशात थोडे. पण दर महिन्याला, जन्मभर?

घरी उपचार द्यायचा म्हटलं की सरकारी अधिकाऱ्यांना धडकी भरते असंही नाही. प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला तो यंत्रावरच्या डायलिसिससाठी, पण २०१९ मध्ये त्यात पोटातून घरीच करायच्या डायलिसिसच्या मार्गदर्शक सूचना आल्या. त्यात तर रोज कित्येक लिटर पाणी पोटात सोडायचं आणि काढायचं असतं, आणि जरा हयगय झाली तर पोटात पू होतो. ते जमतं, तर आठवड्याला १० मिलीलीटर का जमू नये? आणि आमच्या राज्याची दानत कमी आहे असंही कोणी म्हणू नये. २०२४ पासून मध्य प्रदेशात एअर ॲम्ब्युलन्स आहे, आयुष्मान कार्डवाल्याला फुकट. मरायला टेकलेल्या माणसाला विमानाने न्यायची आपली तयारी आहे, चांगलीच गोष्ट आहे. त्याला त्या अवस्थेला न आणणारी कुपी मात्र घरी न्यायची सोय नाही.

आक्षेपांत सगळ्यात जास्त ऐकू येणारा हा: "मॅडम, आपल्याकडच्या बायकांना हे जमणार नाही." बोलणारे बहुधा पुरुष असतात आणि घरातला थर्मामीटर कुठे ठेवलाय हे त्यांना माहीत नसतं. या शहरात सिंधी वस्ती मोठी आहे आणि सिंधी समाजात थॅलेसेमिया, म्हणजे जन्मभर रक्त चढवावं लागणारा आनुवंशिक आजार, पुष्कळ. पोटात घ्यायच्या गोळ्या आल्या त्याआधी रक्त चढवल्यामुळे साठलेलं लोह काढायला एकच औषध होतं, डेस्फेरल. ते कसं द्यायचे? त्वचेखाली, पंपाने, आठवड्यातून पाच-सहा रात्री, दर रात्री आठ ते बारा तास. औषधाची पूड पाण्यात विरघळवायची, सिरिंज भरायची, झोपायच्या वेळी पोराच्या पोटावर सुई लावायची, सकाळी काढून शाळेत पाठवायचं. हे करणाऱ्या आया नर्सिंग शिकलेल्या नव्हत्या. कुणी कपड्याचं दुकान सांभाळायची, कुणी पापड लाटायची. म्हणजे त्वचेखालच्या पंपाचा अनुभव या गावाला आहे, तोही आठवड्यातून एकदाचा नव्हे. इन्सुलिन घेणारी शाळकरी मुलं तर गावोगाव आहेत. शिकवणारं माणूस हवं, पहिले पाच-सहा डोस त्याच्या डोळ्यांसमोर व्हायला हवेत, आणि अडचण आली तर उचलला जाईल असा फोन नंबर हवा. हे तिन्ही नसताना कुप्या वाटल्या तर मीच विरोध करीन.

घरोघरी फ्रिज कुठे आहे, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. काही कंपन्यांचं २५ अंशांपर्यंत काही काळ टिकतं, पण निमाडच्या मे महिन्याला २५ अंश म्हणजे काय ते माहीत नाही. ज्या घरात फ्रिज नाही किंवा वीज धड नाही, तिथे कुपी गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या शीतपेटीत ठेवता येईल. लसी तिथेच तर ठेवतो. आठवड्याला एकदा आई मुलाला घेऊन केंद्रावर येईल, तिथल्या एएनएमसमोर, म्हणजे नर्सबाईंसमोर, डोस होईल. खरगोनहून इंदूर १३० किलोमीटर. गावातलं केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर. घर नाही तर घराजवळ, एवढाही बदल पुष्कळ आहे.

आणि सगळ्यांनी त्वचेखालीच घ्यावं असा माझा हट्ट नाही. आठवड्याला सुई म्हणजे वर्षाला ५२ वेळा सुई, काही मुलांना ते महिन्याच्या एका ड्रिपपेक्षा नकोसं वाटतं. ६० किलोच्या मोठ्या माणसाला दर आठवड्याला ६ ग्रॅम, म्हणजे ३० मिलीलीटर जिरवायला दोन-तीन जागा लागतात. काही घरांत आई एकटीच असते आणि तिला ही जबाबदारी पेलत नाही. तिला दवाखाना हवासा वाटतो, तिथे दोन माणसं तरी विचारपूस करतात. त्यांची ड्रिप चालू राहावी. निवड रुग्णाची असावी, योजनेच्या कलमाची नसावी.

मग येतो खरा अडसर. औषधच सहजी मिळत नाही. आपल्याकडे रीत शिरेतल्याची, म्हणून मागणी शिरेतल्याची, म्हणून दुकानात तेच. कंपनीला विचारा, म्हणेल गिऱ्हाईक नाही. सरकारला विचारा, म्हणेल बाजारात माल नाही. ही कोंडी फोडणारं एकच गिऱ्हाईक असतं आणि ते म्हणजे सरकारी निविदा. प्लाझ्मातून औषध काढणारे कारखाने देशात आहेत, त्यातला एक तर शेजारच्या अहमदाबादेत. राज्याने तीन वर्षांची खात्रीची खरेदी जाहीर केली तर बनवणारे आणि आणणारे दोन्ही पुढे येतील. त्यासाठी मध्य प्रदेश एकटा लहान पडत असेल तर गुजरात आणि महाराष्ट्राबरोबर एकत्र खरेदी करावी.

कच्चा माल तर आपणच देतो. गणपतीत आमची मराठी मंडळं रक्तदान शिबिरं घेतात, फोटो निघतात, बिस्किटं आणि ज्यूस वाटला जातो. एका बाटलीत ३५० मिलीलीटर रक्त, त्यातून निघणारा प्लाझ्मा दीडशे ते दोनशे मिलीलीटर. एक लिटर प्लाझ्मातून इम्युनोग्लोब्युलिन मिळतं जेमतेम ४ ग्रॅम. म्हणजे निमाडी मुलाच्या एका महिन्याला दहा-बारा रक्तदाते लागतात, जरी प्रत्यक्षात कारखान्यात निदान हजार जणांचा प्लाझ्मा एकत्र करूनच औषध बनतं. लाल पेशी रुग्णाला चढतात, प्लेटलेट जातात, उरलेला प्लाझ्मा कुठे जातो हे शिबिरवाल्यांनी ब्लड बँकेला विचारलं पाहिजे. २०१५ मध्ये केंद्राने अतिरिक्त प्लाझ्माचं मूल्य लिटरला १६०० रुपये ठरवून तो कारखान्यांना द्यायला परवानगी दिली. तो तिथे पोचला तर त्याचं औषध होतं. नीट गोठवला नाही, वेळेत उचलला नाही, तर फुकट गेला. शिवाय इथल्या रक्तदात्यांच्या अंगात इथल्याच जंतूंविरुद्धच्या अँटिबॉडी असतात, हाही फायदा. आपल्या मंडळांनी किती बाटल्या झाल्या हे सांगण्याबरोबर किती प्लाझ्मा औषधाला गेला हेही फलकावर लिहावं.

एक आक्षेप शहाण्या डॉक्टरांचा आहे आणि तो हलका नाही. इम्युनोग्लोब्युलिन मुळातच थोडं. गियाँ-बारेने हातपाय लुळे पडलेल्या रुग्णाला ते हवं, रक्तवाहिन्या सुजवणाऱ्या कावासाकी आजाराच्या मुलाला हवं, प्लेटलेट घसरलेल्याला हवं. घरी वाटायला काढलं तर आयसीयूत कमी पडेल. ब्रिटनमध्ये यावर रंगांची यादी केली: कुठल्या आजाराला आधी द्यायचं, कुठल्याला नंतर. प्रायमरी इम्युनोडेफिशियन्सी त्यात सर्वांत वरच्या, लाल रंगात होती, कारण बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांना दुसरं काही तरी देता येतं, यांना नाही. तशी यादी आपल्यालाही हवी, मार्ग कुठलाही असो. आज तुटवडा पडला की आधी कोणाला नाही म्हटलं जातं? जो दारात चालत आला त्याला. निमाडी मुलगा चालतच येतो.

आणि हा सगळा एका मुलावरच्या दयेचा मामला आहे असं समजू नये. आपण बाळांना पोलिओचे थेंब पाजतो, त्यात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. अँटिबॉडी नसलेल्या मुलाच्या आतड्यात तो महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं राहू शकतो, बदलू शकतो आणि शौचावाटे बाहेर पडत राहतो. भारताला २०१४ मध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. ते टिकवायचं तर ही मुलं शोधणं आणि उपचाराखाली ठेवणं सार्वजनिक आरोग्याच्याच खात्यात येतं. सिकलसेलसाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झालं ते आपल्याच शहडोलमधून. झाबुआ-अलीराजपूरच्या पाड्यांवर जाऊन लोकांचं रक्त तपासलं जातं. रक्ताच्या जन्मजात आजारावर राज्य कामाला लागू शकतं हे त्यात दिसलं. या मुलांची संख्या त्या मानाने फार थोडी, मतांत तर मोजताही येणार नाही. म्हणून कोणी बोलत नाही.

इंदूरपासून सुरुवात म्हणजे काय, तर एमवाय या इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आणि बाकीच्या मोठ्या दवाखान्यांत जी मुलं आज दर महिन्याला ड्रिपला येतात त्यांची नावं एकत्र करायची. दोन सिस्टर निवडून मुंबईला किंवा चंडीगडला पीजीआयमध्ये शिकायला पाठवायच्या. योजनेत एक नवं पॅकेज लिहायचं, ज्यात भरतीची तारीख आणि डिस्चार्जची तारीख असे रकानेच नसतील. चार आठवड्यांच्या कुप्या, सुया, सिरिंज आणि तीन महिन्यांनी एकदा आयजीजीची तपासणी. कुप्या काळ्या बाजारात जातील ही भीती ज्यांना वाटते त्यांच्यासाठी माझ्या भाचीची वही आहेच: मागच्या महिन्याच्या रिकाम्या कुप्या आणि बॅच नंबरची स्टिकरं खिडकीवर जमा करायची, मगच पुढच्या चार मिळतील. पंप सरकारने एकदाच द्यायचा, तो स्प्रिंगचा आहे, वर्षानुवर्षं चालतो. आणि ज्या घरी पंपही नको असेल तिथे आई सिरिंजने हातानेच हळूहळू औषध ढकलू शकते, तीही रीत मान्य आहे. १० मिलीलीटरला पंधरा-वीस मिनिटं पुरतात.